गाडीच्या पोटातला उजेड

गेल्या वर्षी नवरात्रात माझा चुलतभाऊ रात्री साडेदहाला आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावून उभा राहिला आणि फोनवर म्हणाला, "ताई, जरा खाली ये. जळल्याचा वास येतोय, पण काय जळलंय ते कळत नाही."

मी इलेक्ट्रॉनिक्समधला डिप्लोमा केला त्याला पंधरा वर्षं झाली. तरी घराण्यात कुणाचा मिक्सर बंद पडला की फोन मलाच येतो. खाली जाऊन पाहिलं. ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्याच्या कडेला वायर खरवडली गेली होती आणि शेजारी कार्पेटला आठ आण्याएवढं भोक पडलं होतं. वायर एलईडीच्या पट्टीची होती, आठवड्यापूर्वीच बसवून घेतलेली. बसवणाऱ्याने ती सरळ बॅटरीवरून ओढली होती. मध्ये फ्यूज नव्हता. गाडी कर्जाची, हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला, आणि ही गाडी म्हणजेच त्याची नोकरी. ॲपवरून भाडी घेतो. डिकीत सीएनजीचा सिलिंडर.

"कशाला हवी होती ही पट्टी?" असं विचारायचं तोंडावर आलं होतं. पण त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या काकांची टॅक्सी आठवली आणि गप्प बसले.

काकांची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी होती. छताला आतून फुलाफुलांचं रेक्झिन, डॅशबोर्डवर गणपती आणि त्याच्या पाठीशी मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा हिरवा बल्ब. बल्बची वायर ब्रेकलाइटच्या वायरला जोडलेली. काकांनी ब्रेक दाबला की देव उजळायचा. लहानपणी मला वाटायचं की देव सांगतो म्हणून गाडी थांबते. त्या बल्बाशिवाय आत उजेड करायचा म्हणजे छतातला एक पिवळट दिवा. भाडं मोजायला तेवढाच लावायचा आणि लगेच बंद. आम्ही पोरं मागे बसून तो चालू-बंद करायला लागलो की काका ओरडायचे, "बॅटरी काय तुझा बाप भरणार आहे?"

मोटारीच्या आतल्या उजेडाचा शंभर वर्षांचा इतिहास काकांच्या या एका वाक्यात बसतो. आत किती उजेड करायचा हे शंभर वर्षं माणसाच्या हौसेने ठरवलं नाही. ते बॅटरीने ठरवलं.

सुरुवातीच्या मोटारींना बॅटरीचा आधारच नव्हता. पुढचे दिवे गॅसवर चालायचे, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून निघणाऱ्या ॲसिटिलीनवर. आंबे चोरून पिकवायला वापरतात आणि बंदी असूनही वापरतात, तेच कार्बाइड. रात्री निघायचं तर उतरून काच उघडायची, गॅस सोडायचा, काडी लावायची. इंजिन सुरू करायला पुढे हँडल मारायचं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं, आणि ते बऱ्याच जणांचं मोडलंही. अशा यंत्राच्या आत दिवा लावायची कल्पना कुणाला सुचली असती तरी आत म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. बहुतेक गाड्यांना भिंतीच नव्हत्या.

१९१२च्या कॅडिलॅकमध्ये हे बदललं. चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने इंजिन फिरवणारी विजेची मोटार बसवली. केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटारीला क्षणभरच जोर लावावा लागतो. इंजिनालाही क्षणभरच ढकलायचं असतं, मग तेवढ्यासाठी प्रचंड मोटार कशाला, हा त्याचा हिशेब. आपण आजही "सेल्फ मारला" म्हणतो तो सेल्फ हाच. पण सेल्फ म्हटला की बॅटरी आली, आणि बॅटरी आली की ती भरणारा डायनॅमो आला. आता वीज गाडीत मुक्कामालाच आली म्हटल्यावर दिवेही तिच्यावर चालायला लागले. दिवे हा सेल्फचा जोडधंदा होता म्हणा ना.

दुसरी गोष्ट घडली ती छताची. १९१९ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दहा गाड्यांपैकी जेमतेम एक चारी बाजूंनी बंद असायची. १९२७ पर्यंत दहातल्या आठांहून जास्त बंद झाल्या. बंद गाडीला दारं आली, काचा आल्या आणि अंधारही आला. मग छतात दिवा आला. श्रीमंतांच्या काही गाड्यांत तर तो आधीपासून होता. त्या गाड्यांत मालक मागे गाद्यागिरद्यांच्या बंद खोलीत बसायचा आणि शोफर पुढे उघड्यावर, पावसात. उजेड मागे, अंधार पुढे. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

दार उघडलं की दिवा लागतो, ही युक्तीही जुनी आहे आणि फार सोपी. मोटारीत विजेच्या दोन वायरी लागत नाहीत, एकच पुरते. बॅटरीचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्यालाच जोडलेलं असतं. सगळा सांगाडा हीच परतीची वायर. आपले मेकॅनिक त्याला "बॉडी अर्थ" म्हणतात. छतातल्या दिव्याला एका बाजूने वीज मिळत असते. दुसऱ्या बाजूची वायर दाराच्या चौकटीतल्या दट्ट्यापाशी येऊन थांबते. दार बंद असताना दट्ट्या दाबलेला असतो आणि वाट तुटलेली असते. दार उघडलं की तो बाहेर येतो, पत्र्याला टेकतो, वाट पूर्ण होते, दिवा लागतो.

ही सोय आहे तशीच मेख आहे. गाडीभर जिकडे हात लावाल तिकडे विजेची अर्धी वाट तयारच आहे. चुकून उघडी पडलेली दुसरी वायर पत्र्याला कुठेही टेकली की ती पूर्ण होते, आणि मध्ये दिवा नसतो. बारा व्होल्ट म्हणजे हाताला झटका नाही, म्हणून कुणाला भीती वाटत नाही. पण इंजिन फिरवायचं म्हणून मोटारीची बॅटरी क्षणात शेकडो अँपियर द्यायला बनवलेली असते. ते शेकडो अँपियर बारीक वायरीतून गेले तर वायरच हीटरच्या तारेसारखी लाल होते. भावाच्या कार्पेटला भोक पडलं ते असं.

पण आपण बॅटरीच्या कंजूसपणाबद्दल बोलत होतो. छतातला बल्ब पाच ते दहा वॉटचा. बल्ब म्हणजे तापवलेली तार. खाल्लेल्या विजेतला फार थोडा भाग उजेड होतो, बाकीची उष्णता. त्यात जुन्या गाड्यांतला डायनॅमो इंजिन मंद फिरत असताना जवळजवळ काहीच बनवायचा नाही. सिग्नलला उभं राहिलं की दिवे मिणमिणायचे. काका सिग्नलला हेडलाइट बंद करायचे ते त्यामुळेच, आणि नंतर आल्टरनेटर आले तरी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांची ती सवय गेली नाही. अशा हिशेबात शोभेसाठी दिवा लावणं म्हणजे दुष्काळात कारंजं.

डॅशबोर्डवरचे काटे मात्र दिसायलाच हवेत. तिथे लोकांनी काय काय करून पाहिलं! वीज न खाता चमकणारा रंग म्हणून रेडियम आलं. घड्याळांच्या आणि विमानांच्या तबकड्यांवर ते लावायचं काम अमेरिकेतल्या कारखान्यांत तरुण मुली करायच्या. ब्रशाला टोक यावं म्हणून तो ओठांत फिरवायचा, असं त्यांना शिकवलेलं होतं. १९२०च्या दशकात त्यांचे जबडे सडले, अनेकजणी मेल्या, खटले झाले. आज आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावी "रेडियम आर्ट" अशी पाटी दिसते. नंबरप्लेट, "आई-बाबांचा आशीर्वाद", मागच्या काचेवर शिवाजी महाराज. त्या चिकटपट्टीत रेडियमचा कणही नसतो, पण अंधारात चमकतं ते रेडियम, एवढा अर्थ शब्दात उरला. १९६०च्या क्रायस्लर गाड्यांनी आणखी एक प्रयोग केला. बल्बच काढून टाकला आणि वीज दिली की स्वतः मंद चमकणारा लेप तबकडीवर लावला. दिसायला अप्रतिम. पण तो महागड्या गाड्यांपुरताच राहिला.

ज्या दिव्याने शेवटी सगळं बदललं तो तेव्हा जन्मलेला होता, पण कुणाचं लक्ष नव्हतं. १९०७ साली हेन्री राउंड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने रेडिओसाठी कार्बोरंडमचे खडे तपासताना पाहिलं की सुमारे दहा व्होल्टवर एखादा खडा पिवळसर चमकतो. त्याने एका मासिकाला छोटंसं टिपण पाठवलं आणि तो पुढच्या कामाला लागला. दहा व्होल्ट म्हणजे आजच्या मोटारीच्या बॅटरीपेक्षाही कमी! पुढे रशियात ओलेग लोसेव्ह या तंत्रज्ञाने हाच उजेड १९२०च्या दशकात नीट अभ्यासला आणि हे तापलेल्या तारेचं काम नाही, काहीतरी वेगळं आहे, हे ओळखलं. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने मेला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी.

मग १९६२. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. त्यानंतर पिवळे आले, हिरवे आले. स्टीरिओच्या पट्ट्या, कॅल्क्युलेटर, डॅशबोर्डवरचे इशारे. पण निळा येईना. निळा नाही म्हणजे पांढराही नाही, कारण लाल, हिरवा आणि निळा मिळूनच पांढरा होतो. तीस वर्षं ही अडचण राहिली.

कारण असं की एलईडीत उजेडाचा रंग ठरतो तो स्फटिकातल्या उडीवर. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर पडतो आणि मधली ऊर्जा उजेड म्हणून टाकतो. लाल उजेडाला बुटकी पायरी पुरते. निळ्याला उंच पायरी लागते, आणि इतकी उंच पायरी असलेला धड स्फटिक कुणाला वाढवता येत नव्हता. गॅलियम नायट्राइड हा उमेदवार होता, पण तो भेगाळायचा. बहुतेक प्रयोगशाळा तो सोडून झिंक सेलेनाइडच्या मागे गेल्या. जपानच्या नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचा विद्यार्थी हिरोशी अमानो मात्र हटून बसले. १९८६च्या सुमारास त्यांनी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधी अंथरून त्यावर चांगला स्फटिक वाढवला.

आणि तिकडे शिकोकू बेटावर अनान नावाच्या छोट्या गावात निचिया नावाची कंपनी होती. धंदा ट्यूबलाइट आणि टीव्हीच्या पडद्यांना लागणाऱ्या चमकदार भुकटीचा. तिथे शुजी नाकामुरा एकटाच भट्टी खोलून, वाकवून, पुन्हा जोडून हेच करत होता. वायू वरूनही सोडायचा आणि बाजूनेही, ही त्याची करामत. १९९३च्या अखेरीस निचियाने भर दिवसा दिसणारा निळा एलईडी जाहीर केला. १९९६ साली त्याच निळ्यावर पिवळी चमकणारी भुकटी लावून पांढरा एलईडी बाजारात आला. भुकटीच्याच कंपनीला ते सुचावं यात नवल नाही. नाकामुराला पेटंटपोटी कंपनीकडून वीस हजार येन मिळाले होते. त्याने खटला भरला. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने २००० कोटी येन द्यायला सांगितलं, २००५ साली तडजोड झाली ती सुमारे ८४ कोटी येनवर. २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळून.

भाऊ जेव्हा दुकानात म्हणाला, "निळी द्या," तेव्हा जगातला सगळ्यात कष्टाने मिळालेला रंग त्याने काही शे रुपयांत घेतला. त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. त्याला निळा का हवा होता? "भारी दिसतो," एवढंच.

निळ्याच्या आधी मोटारीच्या आत रंगाची हौस कुणाला नव्हती असं नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी गाडीखाली निऑनच्या नळ्या बांधल्या. त्यांना हजारो व्होल्ट लागायचे, म्हणून सोबत ट्रान्सफॉर्मर, आणि दगड लागला की नळी फुटायची. २००१ साली 'द फास्ट अँड द फ्युरिअस' आला आणि ही हौस आपल्या केबलवाल्या घरांतही पोचली. कंपन्यांनीही मागे राहायचं नाही असं ठरवलं होतं. फोक्सवॅगनने नव्वदीच्या शेवटी तबकड्या निळ्या आणि काटे लाल केले. २००५च्या फोर्ड मस्टँगमध्ये मालकाला तबकडीचा रंग सव्वाशे छटांतून निवडता यायचा. २०१३ साली आलेल्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये तारेचा एकही बल्ब नव्हता, पुढे, मागे, आत, सगळीकडे मिळून जवळजवळ पाचशे एलईडी. तीन वर्षांनी ई-क्लासमध्ये आतल्या उजेडाचे ६४ रंग. २०१९ साली आपल्याकडे किया सेल्टोस आली तिच्यात गाण्याच्या तालावर बदलणारे दिवे होते, अर्थात वरच्या व्हेरियंटमध्ये.

इथे मला जरा भांडायचं आहे. मुंबईच्या रिक्षात जांभळा उजेड, स्पीकर आणि आरशाला झुंबर दिसलं की आपण "छपरी" म्हणतो. तोच जांभळा उजेड जर्मन गाडीत शिवणीच्या रेषेतून आला की "ॲम्बियंट लायटिंग". रिक्षावाल्याने, ट्रकवाल्याने, टॅक्सीवाल्याने हे आधी केलं. दिवसाचे बारा तास जो यंत्रात बसतो त्याला त्या यंत्राची खोली करावीशी वाटणारच. काकांच्या टॅक्सीतला हिरवा बल्ब हे त्यांच्या वाट्याचं इंटिरिअर डिझाइन होतं, बॅटरीने परवानगी दिली तेवढं. आणि गाडीवरचा दिवा हा आपल्याकडे नेहमीच औकातीचा प्रश्न राहिला आहे. साहेबांच्या गाडीवरचा लाल दिवा १ मे २०१७ला उतरवला गेला, तेव्हा कित्येकांना नोकरी गेल्यासारखं झालं.

आता हिशेब. बाजारात मिळणाऱ्या साध्या पट्टीत मीटरला ६० एलईडी असतात आणि ती मीटरला ४.८ वॉट घेते. म्हणजे काकांच्या छतातल्या एका बल्बाच्या खर्चात तुम्ही मीटरभर उजेड करू शकता, अख्ख्या डॅशबोर्डच्या कडेने. बॅटरीचा पहारा उठला तो इथे. पण पुरता उठला असं समजू नका. मोठ्या एलईडीची रंगीत पट्टी मीटरला १४.४ वॉट घेते. पाच मीटरचं अख्खं रीळ लावलं तर ७२ वॉट, बारा व्होल्टला सहा अँपियर. छोट्या गाडीची ३५ अँपियर-अवरची बॅटरी, इंजिन बंद असताना, सहा तासांत झोपली.

दुसरी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. पट्टीवर "१२ व्होल्ट" लिहिलेलं असतं. आत तीन-तीन एलईडींचे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यात एक छोटा रेझिस्टर. निळा एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेतो, तिघे मिळून ९.६, उरलेले २.४ रेझिस्टरने सोसायचे. पण इंजिन चालू असताना गाडीत बारा व्होल्ट नसतात, चौदाच्या वर असतात. एलईडी आपले ९.६च घेतात, सगळा वरचा भार रेझिस्टरवर येतो. २.४च्या जागी ४.८. म्हणजे व्होल्ट वाढले वीस टक्के, पण पट्टीतून वाहणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट. म्हणून स्वस्त पट्टी घरातल्या शोकेसमध्ये वर्षानुवर्षं टिकते आणि गाडीत सहा महिन्यांत एकेक तुकडा मरत जातो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी आणि भावाने पार्किंगमध्ये बसून सगळं उचकटलं. लॅमिंग्टन रोडवरून त्याने जाड वायर, फ्यूजहोल्डर आणि चौदा व्होल्टचे बारा करून देणारी छोटी डबी आणली. वीज घेतली ती चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या फ्यूजवरून, म्हणजे गाडी बंद तर पट्टी बंद. फ्यूज पाच अँपियरऐवजी तीनचा टाकला, कारण आमची पट्टी एक अँपियरही घेत नव्हती. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो पट्टीजवळ नाही, वीज जिथून घेतली तिथेच बसवायचा. काका फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून पुढे जायचे. एकदाही आग लागली नाही, हे ते अभिमानाने सांगतात. मी ऐकून घेते.

पत्र्याच्या कडेवरून जाणाऱ्या वायरीवर आम्ही नळी चढवली. सांधे पिळून चिकटपट्टी लावण्याऐवजी सोल्डर केले. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींच्या वाटेला गेलो नाही. चार तास गेले. संध्याकाळी दिवा लागला आणि भावाचा चेहरा निळा झाला.

आम्ही चक्कर मारायला निघालो. ईस्टर्न फ्रीवेवर दिव्यांचा झगमगाट होता तोवर ठीक. पुढे एका अंधाऱ्या पट्ट्यात समोरच्या काचेवर डॅशबोर्डची निळी रेघ तरंगायला लागली, आणि तिच्यापलीकडे दुभाजकाच्या कडेने चालणारा माणूस मला दिसला तो अगदी जवळ आल्यावर. भावाला दिसला होता का, ते मी विचारलं नाही. त्याने वेग कमी केला आणि थोडा वेळ तो काही बोलला नाही.

डोळ्याच्या पडद्यावर अंधारासाठी वेगळ्या पेशी असतात. उजेडातून अंधारात आल्यावर त्या पुरत्या जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. निळ्या-हिरव्याला त्या फार संवेदनशील असतात आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून पाणबुड्यांत आणि विमानांत रात्री लाल दिवे लावायची पद्धत पडली, म्हणून बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षं डॅशबोर्ड नारिंगी-लाल ठेवला. विमानं बनवणाऱ्या घराण्यातून आलेल्या स्वीडनच्या साबने तर नव्वदीच्या दशकात एक बटण दिलं होतं. रात्री ते दाबलं की स्पीडोमीटर सोडून सगळी तबकडी काळी व्हायची, आणि काही बिघडलं तरच ती जागा उजळायची. गाडीत अंधार ही सोय म्हणून विकणारी बहुधा हीच कंपनी. साबच्या मोटारी आता बनत नाहीत. निळा मात्र सगळीकडे आहे. सगळ्यात अवघड म्हणून शेवटी आलेला आणि रात्रीच्या डोळ्याला सगळ्यात जास्त खुपणारा, असा एकच रंग, आणि पहिली मागणी त्यालाच.

"लाल लाव मग," मी म्हटलं.

"लाल लावला तर पॅसेंजर घाबरतील, ताई. डिस्कोबार वाटेल." त्याचं म्हणणं असं की रात्री बाराला एकटी मुलगी गाडीत बसते तेव्हा आत उजेड असला तर तिला बरं वाटतं. रेटिंग देताना दोघींनी तसं लिहिलंही होतं. हे मला सुचलं नव्हतं. पाच तारे मिळाले की भाडी मिळतात, भाडी मिळाली की सात तारखेचा हप्ता जातो. त्याच्यासाठी ती पट्टी नुसती हौस नव्हती.

शेवटी डॅशबोर्डची पट्टी काढली आणि पुढच्या सीटांच्या मागे, खाली, मागच्या प्रवाशाच्या पायाशी लावली. निळीच, पण मंद. पुढे अंधार.

दिवाळीत काका साताऱ्याहून आले. त्यांची पद्मिनी वीस वर्षांच्या नियमात कधीच भंगारात गेली. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा त्यांनी ती बातमी टीव्हीवर पाहून आवाज बंद केला होता. भावाने त्यांना गाडी दाखवायला नेलं आणि मागचं दार उघडलं. काका क्षणभर थांबले. तीस वर्षं टॅक्सी चालवली, पण तिच्या मागच्या सीटवर बसायचा प्रसंग त्यांच्यावर फारसा आलेला नव्हता. बसले. पायाशी पाहिलं, चप्पल उजेडात इकडे-तिकडे हलवून बघितली.

"चांगलं आहे," म्हणाले. मग पुढे वाकून विचारलं, "चालू ठेवलं तर बॅटरी उतरत नाही ना?"